भरीत पार्टीला नेता येईल असं सुटं टेबल: एका प्लायमधून टेबल आणि बाकडं

चंपाषष्ठी झाली की आमच्या जळगाव-यावल पट्ट्यात शेतावरच्या भरीत पार्ट्या सुरू होतात. आसोदा-बामणोदकडची मोठी हिरवी वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजायची, ठेचायची, सोबत कळण्याची भाकरी नाहीतर पुऱ्या, आणि सगळी पंगत सतरंजीवर. मजा असते. पण प्रत्येक घरात दोन-तीन माणसं अशी असतात की ज्यांना खाली बसलं तर उठवत नाही. आमच्या आत्याबाई दरवर्षी म्हणायच्या, "माले खाले बसता येत नही," आणि विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीच्या पायरीवर एकट्याच ताट मांडीवर घेऊन जेवायच्या. हे टेबल मी त्यांच्यासाठी केलं. आता त्याच्यावर जागा मिळवायला धडधाकट माणसंही भांडतात.

घडीच्या टेबलाच्या बिजागऱ्या धुळीने आणि मातीने लवकर खराब होतात. म्हणून हे टेबल बिजागरीचं नाही, खाचेत खाच अडकवण्याचं आहे. दोन पाय, त्यांना जोडणारा एक कणा आणि वर टॉप. सगळे सपाट तुकडे, एकावर एक रचले की डिक्कीत जातात. ज्याने आजवर फक्त खिळा ठोकला आहे अशा माणसालाही दोन रविवारांत जमतं. एक रविवार कापायला, एक रंगाला.

प्लाय घेताना

८ × ४ फुटांची १८ एमएमची एक शीट पुरते. साधा कमर्शियल प्लाय, म्हणजे ज्याच्यावर एमआर लिहिलेलं असतं तो, घेऊ नका. तो दमटपणा सोसतो, पाणी सोसत नाही. बीडब्ल्यूआर (बॉइलिंग वॉटर रेझिस्टंट) घ्या. पैसे असतील तर आयएस ७१० या भारतीय मानकाचा मरीन प्लाय घ्या, पण दिवसभर शेतात आणि रात्री घरात येणाऱ्या टेबलाला मरीनची गरज नाही असं माझं मत आहे. दोन्हींमधला डिंक उकळत्या पाण्यालाही दाद देत नाही. एमआरमधला देतो, फरक तिथे आहे.

दुकानात शीट आडवी पडलेली असते, ती उभी करायला लावा. चारही कडा बघा. कडेच्या थरांमध्ये पोकळी दिसली, की बोट जाईल एवढी नसली तरी, दुसरी शीट मागा. आपल्या खाचा नेमक्या कडेलाच येणार आहेत आणि पोकळीवर खाच आली तर तिथला तुकडा उडतो. मग एका टोकाला डोळा लावून लांबीत बाक आहे का बघा. पूर्ण शीट साधारण ३५ किलोची असते, तेव्हा एकट्याने उचलायला जाऊ नका.

अजून एक: १८ एमएम असं छापलेलं असतं, पण मोजलं तर प्लाय बहुतेकदा थोडा पातळ भरतो. हे आत्ता नुसतं लक्षात ठेवा, पुढे सगळं याच्यावरच अडणार आहे.

मापं

सगळी मापं इंचांत. सुताराशी बोलताना सूत वापरावं लागेल: ८ सूत म्हणजे १ इंच.

शीटच्या लांबीला समांतर आधी एकच लांब काप द्यायचा. एक पट्टी २८ इंच रुंद निघेल, दुसरी जेमतेम २० च्या खाली (करवत प्रत्येक कापाला एखादं सूत खाते, ते धरूनच मापं घेतली आहेत).

२८ ची पट्टी:
– टॉप: ४८ × २८
– टेबलाचे दोन पाय: प्रत्येकी २३½ रुंद, २८ उंच

दुसरी पट्टी:
– टेबलाचा कणा: ४० × ९½
– बाकड्याची बैठक: ४६ × १०
– बाकड्याचे दोन पाय: प्रत्येकी १० रुंद, १६½ उंच
– बाकड्याचा कणा: ४० × ५
– उरलेल्यातून दीड इंच रुंद पट्ट्या, ठोकळ्यांसाठी

कणे आणि बैठक शीटच्या लांबीतच काढा. वरच्या थराचे रेषे लांबीत धावतात, आणि बैठक आडव्या रेषांची निघाली तर ती मधोमध जास्त वाकते.

बाकडं एकच का, असं विचाराल. कारण शीट एकच आहे. दुसऱ्या बाजूला शेतावरची खाट ओढून घ्यायची. तिची उंची बरोबर जुळते.

कापणं

दुकानात पॅनल सॉ, म्हणजे अख्खी शीट सरळ कापायचं मशीन, असेल तर लांब काप आणि टॉपचा काप तिथेच करून घ्या, तो सरळ येतो आणि शीट गाडीत घालणंही सोपं जातं. नसेल तर ओळखीच्या सुताराला हे दोन काप मारायला सांगा. त्यात कमीपणा काही नाही. आठ फूट सरळ कापणं हेच नवशिक्याला जमत नाही, बाकी सगळं जमतं.

पुढचं काम जिगसॉने, म्हणजे वर-खाली हलणाऱ्या बारीक पात्याच्या विजेच्या करवतीने, होतं. सोबत ड्रिल, गुण्या (काटकोन बघायला), अर्ध्या इंचाची पटाशी, कानस, दोन शिकंजे (क्लॅम्प), आणि रेघेला टेकवायला अॅल्युमिनियमची एक सरळ चौकोनी नळी. नळी शिकंज्यांनी प्लायवर आवळायची आणि जिगसॉची बाजू तिला घासत न्यायची. मोकळ्या हाताने रेघ गाठायला जाल तर जिगसॉ हमखास भटकतो. त्याचं पातं वर येताना कापतं, म्हणून प्लायची चांगली बाजू खाली ठेवा, ढलप्या वरच्या बाजूला उडतील. हातकरवतीने कापत असाल तर उलट, चांगली बाजू वर. डोळ्याला चष्मा आणि नाकाला फडकं लावाच. प्लायच्या भुशात डिंकही असतो, तो साध्या लाकडाच्या भुशासारखा नाही.

पाय कापून झाले की त्यांच्या खालच्या कडेतून मधला भाग काढून टाका. दोन्ही बाजूंना ४-४ इंच ठेवून मध्ये ६ इंच उंचीचा. असं केल्याने टेबल दोन लांब कडांऐवजी चार बिंदूंवर उभं राहतं. काळ्या मातीच्या शेतात ढेकूळ कुठे येईल सांगता येत नाही, चार बिंदू असले की सपाट जागा शोधणं सोपं जातं. शिवाय वजनही उतरतं. आतले कोपरे मात्र टोकदार ठेवू नका. आधी तिथे ड्रिलने मोठं भोक पाडा आणि काप त्या भोकात आणून संपवा. टोकदार कोपऱ्यातून प्लाय चिरतो.

खाच

आता या सगळ्या कामाचा जीव. पायाला वरून खाच, कण्याला खालून खाच, दोन्ही एकमेकांत उतरतात. पायाची खाच वरच्या कडेच्या बरोबर मध्ये, कण्याच्या दोन खाचा दोन्ही टोकांपासून ३ इंचांवर (खाचेचा मध्य धरून). खोली प्रत्येकी पावणेपाच इंच, कण्याच्या साडेनऊच्या निम्मी.

पहिल्या वेळी मी टेप काढली, १८ एमएम मोजलं, रेघा मारल्या आणि कापलं. प्लाय त्याहून पातळ होता, त्यात माझा काप रेघेच्या बाहेर गेलेला. खाच एक एमएमहून जास्त सैल झाली. ऐकायला काहीच वाटत नाही. पण पावणेपाच इंच म्हणजे १२० एमएम खोलीच्या खाचेत एक एमएमची सैलाई म्हणजे २८ इंच लांब पायाच्या खालच्या टोकाला अर्धा सेंटिमीटर हालचाल. पाण्याचा ग्लास ठेवला की डचमळायचा. ते टेबल आता आमच्याकडे रोपांच्या कुंड्यांखाली आहे.

म्हणून खाचेची रुंदी टेपने घ्यायचीच नाही. त्याच शीटचा एक उरलेला तुकडा घ्या, खाचेच्या जागी उभा धरा, आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी कटरच्या पात्याने रेघ ओढा. पेन्सिलीची रेघ जाड असते, शिवाय पात्याने वरचा थर आधीच कापला जातो, त्यामुळे ढलपी उडत नाही. खाचेच्या तळाशी दोन्ही कोपऱ्यांत लहान भोकं पाडा. मग दोन्ही रेघा शाबूत ठेवून आतल्या बाजूने कापा, आणि तळ पटाशीने तोडा, अर्धा एका बाजूने आणि अर्धा उलटून दुसऱ्या बाजूने. एकाच बाजूने ठोकत गेलात तर पलीकडचा थर फाटून बाहेर येतो.

आता खाच थोडी घट्ट असेल. तो तुकडा घाला, कुठे अडतो बघा, तेवढंच कानसीने घासा. पुन्हा घाला. हे कंटाळवाणं आहे आणि घाई करण्याजोगं अजिबात नाही. कुठवर घासायचं? खाचेत तो तुकडा आणि त्याच्यासोबत एक लग्नपत्रिकेचा कागद असे दोन्ही मिळून सरकले पाहिजेत. ती कागदाएवढी जागा रंगाची आहे. मी दुसऱ्या टेबलाला ती ठेवली नाही, कच्च्या लाकडावर खाच अगदी सुरेख बसली, म्हणून खूश झालो. दोन हात पॉलिश चढल्यावर कणा अर्ध्यात अडकला आणि शेतात दगडाने ठोकून बसवावा लागला. निघताना तर दोन माणसं लागली.

खोलीचंही एक गणित आहे. दोन्ही खाचांची खोली मिळून कण्याच्या रुंदीपेक्षा एखादा एमएम जास्त भरली पाहिजे. मग कणा पायांच्या वरच्या कडेपेक्षा किंचित खाली बसतो आणि टॉप दोन्ही पायांवर टेकतो. कमी भरली तर कणा वर डोकावतो आणि टॉप त्याच्यावर झुल्यासारखा हलतो. तेव्हा प्रत्येक खाच पावणेपाचला एक केसभर जास्तच घ्या.

सगळ्या खाचा जमल्या की जोड्यांना नंबर द्या. या पायावर १, कण्याच्या त्या टोकावर १, दुसरीकडे २ आणि २. हाताने केलेल्या खाचा एकसारख्या कधीच नसतात. एकाची खाच दुसऱ्याला घट्ट होते आणि माणूस उगाच चिडतो.

टॉप बसवणं

टॉप नुसता वर ठेवला तर चालत नाही. पाय टॉपच्या टोकांपासून ७ इंच आत आहेत, म्हणजे टोकावर कोणी कोपरावर भार देऊन उठलं की दुसरं टोक वर येतं. भरताचं पातेलं मधोमध असेल तर बरं, नाहीतर आत्याबाईंच्या मांडीवर.

दीड इंच रुंद पट्ट्यांचे ८ इंच लांबीचे आठ तुकडे कापा आणि दोन-दोन एकमेकांना चिकटवून चार जाड ठोकळे करा. टॉप जमिनीवर उलटा ठेवा. त्यावर पाय आणि कणा जोडून तोही उलटा ठेवा, चारही बाजूंनी सारखं अंतर येईल असा. कणा आणि पाय जिथे एकमेकांना छेदतात तिथे आतल्या बाजूने चार कोपरे तयार होतात. प्रत्येक कोपऱ्यात एक ठोकळा, लांबी पायाला लागून आणि टोक कण्याला लागून. इथेही लग्नपत्रिकेएवढी फट सोडा. खुणा करा, सांगाडा उचला, ठोकळे वॉटरप्रूफ फेव्हिकॉलने चिकटवा आणि प्रत्येकाला दोन पावणेदोन इंची स्क्रू मारा. त्याहून लांब स्क्रू घेऊ नका, तो टॉपच्या वरून नाक काढतो.

एक दिवस वाळू द्या. मग सांगाडा परत बसवा आणि पाय व ठोकळा यांतून एकाच दमात ७ एमएमचं भोक पाडा, पायाच्या वरच्या कडेपासून १८ एमएमवर, स्क्रू चुकवून. अशी चार. त्यांत ६ एमएमचे ३ इंची बोल्ट, वॉशर आणि विंग नट, म्हणजे हाताने फिरवायचे दोन कान असलेला नट. पाना लागला की तो घरी राहतो, म्हणून विंग नटच घ्या.

बाकडं

तीच पद्धत, छोटी मापं. खाचा अडीच-अडीच इंच खोल, कण्याच्या टोकांपासून अडीच इंचांवर. ठोकळे ४ इंच लांबीचे, कारण १० इंचांत तेवढीच जागा आहे.

पायांची जागा मात्र आत सरकवू नका. माझ्या पहिल्या बाकड्याचे पाय टोकांपासून दहा-दहा इंच आत होते, दिसायला छान. एका टोकाला मामेभाऊ बसला, दुसऱ्या टोकाचा माणूस पाणी आणायला उठला, आणि मामेभाऊ ताटासकट भुईमुगाच्या वाफ्यात. वरच्या मापांनी पाय टोकांपासून साडेपाच इंचांवर येतात, तेवढं पुरतं.

घासणं आणि रंग

१२० नंबरचा पॉलिश पेपर, मग २२०. टॉपच्या आणि बैठकीच्या कडा गोल करा. साडी किंवा धोतर अडकतं आणि मुलांची डोकी नेमकी त्याच उंचीवर असतात. कडेत बारीक पोकळ्या राहिल्या असतील तर भुसा फेव्हिकॉलमध्ये कालवून भरा.

पाणी प्लायच्या पृष्ठभागातून नाही, कडेतून शिरतं. म्हणून रंगाची सगळी उदारता कडांवर दाखवा. पहिला हात पातळ करून द्या, तो आत झिरपतो, त्यावर आणखी दोन. पायांच्या खालच्या कडेला तर तीनाचे चार झाले तरी हरकत नाही, ओल्या वाफ्यात तीच उभी राहणार आहे. खाचांच्या आत फक्त एकच पातळ हात. टॉपला मी पारदर्शक पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश लावतो, भरताच्या तेलाचा डाग पुसला जातो. सनमायका लावायचा असेल तर दोन्ही बाजूंनी लावा. एकाच बाजूला लावला तर टॉप हळूहळू वाकतो.

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या पुढे जातो. त्या दिवसांत दुपारी गच्चीवर रंग देऊ नका. वरचा थर लगेच कोरडा होतो, आतला ओलाच राहतो आणि बुडबुडे येतात. सकाळी सातच्या आत किंवा दिवे लागल्यावर, सावलीत.

शेतावर

दोन पाय उभे धरायला एक माणूस, कणा वरून दाबायला दुसरा. मग टॉप, मग चार बोल्ट. आम्हाला पाच मिनिटंही लागत नाहीत. टेबल हललं तर आधी खाचेला दोष देऊ नका, कोणता पाय अधांतरी आहे ते बघा. कापताना उरलेल्या तुकड्यांच्या चार पाचरी करून सोबत ठेवा, त्याच पायाखाली सरकवायच्या.

चुलीवरून उतरवलेलं पातेलं थेट टॉपवर टेकवू नका, खाली अडणी घ्या. वांगी ठेचण्याचं काम जमिनीवरच करा. त्या ठोक्यांनी बोल्ट सैल होतात आणि ठेचणाऱ्याला जोरही लावता येत नाही. मुलांना टेबलावर चढू देऊ नका, हे सांगून उपयोग नसतो, पण सांगा.

सोडताना बोल्ट काढून टॉप उचला, आणि कणा दोन्ही टोकांना धरून सरळ वर ओढा. एक टोक आधी ओढलं की खाचेच्या कडा चेपतात. कण्याच्या खाचेबाहेरचा तो अडीच इंचांचा कान हा सगळ्यात नाजूक भाग आहे, गाडीत टाकताना त्याच्यावर आपटू नका. घरी आल्यावर माती ओल्या फडक्याने पुसा आणि तुकडे उभे ठेवा, पण भिंतीला तिरके टेकवून नाही. पावसाळाभर तिरका राहिलेला टॉप दसऱ्याला बाक घेऊनच बाहेर येतो. खाली दोन विटा घालून, पलंगामागे, काटकोनात उभा.

बोल्टांची पिशवी वेगळी ठेवू नका. कण्याला मधोमध एक छोटं भोक पाडून तिथेच सुतळीने बांधा, आणि त्यात दोन बोल्ट जास्तीचे टाका.